आई बसल्या की सुरू

गाडीचा रंग मात्र सुरेख झाला होता. याबद्दल आमच्या इमारतीत कुणाचंही दुमत नव्हतं. पावसात धुऊन निघालेल्या पानासारखा हिरवागार रंग, आणि तो दोन हात. रंगारी लोक दिसतं तेवढंच रंगवतात. मी तसा माणूस नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो, आणि जिथे कुणी बघत नाही तिथे बघणे हा माझा धंदाच आहे. त्यामुळे मी सीटा काढल्या, सीटांखालचे कप्पे रंगवले, बॅटरी बाहेर काढून तिची पेटी आतून रंगवली, बॉनेटखालचा लोखंडी सांगाडा रंगवला, इतकंच काय, इंजिनालाही जाता जाता एक हात मारला. मग सगळे नटबोल्ट जागच्या जागी बसवले. एकही उरला नाही. मग मी हात पुसले, चालकाच्या सीटवर बसलो आणि चावी फिरवली.

काही झालं नाही. घरघर नाही, टकटक नाही, समोरचा लाल दिवासुद्धा लागला नाही. मी चावी काढली, तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा फिरवली. गाडी ढिम्म. गॅलरीतून बायको म्हणाली, "छान दिसतेय." मी म्हटलं, "हो ना." आणि एखादा माणूस नुसता बसायलाच आला असेल तसा थोडा वेळ आत बसून राहिलो.

ही गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी जीप. सासरे पाणी मोजणाऱ्या खात्यात होते. डोंगरातल्या ओढ्यांना कुठे किती पाणी आहे ते मोजत त्यांचा जन्म गेला, आणि तिथे रस्ते नसल्यामुळे चारही चाकांनी ओढणारी ही जीप त्यांना लागायची. शेजारच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे राहतात आणि जीपही आमच्याकडेच राहते. मी सासूबाईंना आईच म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात, पण त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

तर परिवहन कार्यालयाने फर्मान काढलं होतं की इतक्या जुन्या गाड्यांनी तपासणीला हजर व्हावं. पास झाली तर रस्त्यावर, नापास झाली तर भंगारात. बायको म्हणाली, जाऊ दे ना, तिला कुणी चालवतं का आता.  त्या दिवशी आई जेवणावरून लवकर उठल्या, आणि गॅलरीत उभ्या राहून खाली जीपकडे बघत राहिल्या. ते पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, काळजी करू नका. पास करून आणतो." शेजारच्या गॅलरीत हेडसर होते. त्यांनी ते ऐकलं, म्हणजे ते सगळ्यांनी ऐकल्यासारखंच होतं. आता माघार नव्हती.

गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर हेडसर खाली आले. ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि निवृत्तीनंतर त्यांनी आमची इमारतच शाळा म्हणून चालवायला घेतली आहे. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, हात पाठीमागे बांधून आत पाहिलं आणि म्हणाले, "चावीचा स्विच गेलाय."

"कशावरून?"

"चावी फिरवली आणि काही झालं नाही. म्हणजे चावीतच दोष. सोपं आहे."

इतकं सोपं असेल तर मला का सुचलं नाही, असं वाटून मी ओशाळलो. बाजारात जाऊन नवा स्विच आणला, आणि अख्खा दिवस डॅशबोर्डखाली उताणा पडून तो बसवला. स्क्रू ड्रायव्हर दोनदा तोंडावर पडला. संध्याकाळी मी जाहीर केलं की चाचणी आहे.

आमच्या घरात या गाडीच्या चाचणीची एक पद्धत आहे, ती सासऱ्यांपासून चालत आलेली. आई शेजारी बसल्याशिवाय ते चावीला हात लावत नसत. आई बसणार, साडी-पर्स सावरणार, मागे टेकणार आणि "हं" म्हणणार. मग चावी. ओढ्यावर जायचं असो की नुसती गाडी सावलीत लावायची असो, हाच क्रम. तेव्हा त्या संध्याकाळी आई खाली आल्या, बसल्या, सावरल्या, टेकल्या, "हं" म्हणाल्या. मी चावी फिरवली आणि जीप गडगडून सुरू झाली. हेडसरांनी माझी पाठ थोपटली आणि लगेच स्वतःचीही थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी म्हटलं एकदा इंजिन गरम करून घ्यावं. चावी फिरवली. ढिम्म.

मग साडूचा फोन आला. बायकोच्या बहिणीचा नवरा. त्याच्याकडे नवी कोरी मोठी गाडी आहे, जी बटण दाबलं की सुरू होते, आणि तेवढ्या भांडवलावर तो उंटावरून शेळ्या हाकत असतो. म्हणाला, "बॅटरी. डोळे मिटून बदल." मी डोळे उघडे ठेवून तपासली. दिवा आणि दोन तारांचा टेस्ट लॅम्प आणला, बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला, तर लख्ख पेटला. तसं सांगितलं तर तो म्हणाला, "दिवा पेटेल, स्टार्टर ओढणार नाही. दोन्हीत फरक असतो." आवाजात इतका आत्मविश्वास होता की मी बॅटरी बदलली. संध्याकाळी आई आल्या, बसल्या, "हं" म्हणाल्या. गाडी सुरू. साडूला फोन केला, त्याने ते तासभर साजरं केलं. सकाळी ढिम्म.

मग बॅटरीपासून स्विचपर्यंत नवी वायर. संध्याकाळी सुरू, सकाळी ढिम्म. मग फ्यूज. मग जुना स्विच परत. मला आता गाडीचा नाही, सकाळचाच संशय येऊ लागला होता.

शेवटी बायकोने गॅरेजवाल्याला बोलावलं, मला न विचारता. तो आला तेव्हा आई आधीच खाली जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. गाडीला परका माणूस हात लावणार तर आत आपलं कुणीतरी असावं, असं त्यांचं म्हणणं. गॅरेजवाल्याने चावी फिरवली. सुरू. त्याने बंद केली, पुन्हा फिरवली. सुरू. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "साहेब, चावी अशी उजवीकडे फिरवायची." आई खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

त्या वाक्यानंतर मी चंग बांधला. आता ही गाडी मीच दुरुस्त करणार, आणि एकट्याने. माझ्या कपाटात शर्टांच्या जागी पाने आणि पक्कड आली. ऑफिसात मी दाव्यांच्या कागदांमागे वायरिंगची आकृती काढू लागलो. माझ्या नखांमधलं ग्रीस पाहून आमच्या साहेबांनी मला काही अडचण आहे का असं खासगीत विचारलं.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "एक बोलू? चिडणार नसाल तर."

"मी कधी चिडतो?"

"गाडी आई बसली की सुरू होते. ती नसली की होत नाही. हे अख्ख्या इमारतीला कळलंय. हेडसर म्हणतात, गाडी आईला ओळखते."

मी चिडलो. माझा नाइलाज होता. दिवसभर माझ्यासमोर जी माणसं बसतात त्यांतला कुणी म्हणतो शेजाऱ्याची नजर लागून काच फुटली, कुणी म्हणतो मेहुणा घरात आला आणि फ्रिज जळला. असले दावे मी एका ओळीत फेटाळतो. आणि घरी येऊन मी स्वतः लिहायचं की सासूबाई हेच कारण? मी म्हटलं, "हा योगायोग आहे. वायरीला माणसं ओळखता येत नाहीत."

"मग तुम्ही सकाळी काय करता ते तरी सांगू का हेडसरांना?"

हे तिला कुठून कळलं कोण जाणे. झालं होतं असं की एका सकाळी, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, मी शेजारच्या सीटच्या दिशेला तोंड करून, जमेल तेवढ्या आईंच्या आवाजात "हं" म्हणून पाहिलं होतं. केवळ शक्यता निकालात काढायची म्हणून. शास्त्रात हे करावं लागतं. पहिला "हं" पुरेसा ठाम आला नाही म्हणून दुसरा म्हटला. तिसऱ्याला खिडकीत हेडसर उभे होते. "कुणाशी बोलताय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घसा बसलाय." त्यांनी मला गुळण्या करायला सांगितलं.

इकडे तपासणीची तारीख घ्यायची होती. कार्यालयात गाडी दाखवल्याशिवाय तारीख मिळत नाही, म्हणून आईंना बरोबर घेतलं. सोबत म्हणून, असं मी घरात स्पष्ट केलं. तिथले तपासणी अधिकारी म्हणजे शिस्तीचा माणूस. प्रत्येक नियम ते उभं राहून, पूर्ण, मोठ्याने म्हणून दाखवत. म्हणाले, "इंजिनावरील क्रमांक अधिकाऱ्यास डोळ्यांनी वाचता आला पाहिजे." आम्ही बॉनेट उघडलं. क्रमांकाच्या जागी सुरेख हिरवा रंग होता.

"कुणी रंगवलं हे?"

"मी," मी म्हटलं. आवाजात थोडा अभिमान राहून गेला.

त्यांनी खणातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "घासा." मी बॉनेटखाली वाकून घासत राहिलो, लोक मला वळसा घालून जात राहिले. शेवटी क्रमांक उगवला आणि तारीख मिळाली. उरलेला पॉलिश पेपर मी खिशात टाकला. दरम्यान आई दुसऱ्याच एका खिडकीपाशी रांगेत उभ्या दिसल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, फोटो काढून घेतला. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी इतका घासून दमलो होतो की विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी निघताना आईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. वाटेत मी म्हटलं, "आई, मी कसून तयारी केलीय." त्या म्हणाल्या, "मला माहितीये. रोज सकाळी ऐकू येते."

कार्यालयाच्या मागच्या आवारात अशा गाड्यांसाठी वेगळी वाट केलेली आहे. आधी दगडगोटे, मग चिखलाचा खड्डा, मग एक उभा चढ. अधिकारी म्हणाले, "चालकाव्यतिरिक्त कोणीही वाहनात बसता कामा नये." आई उतरल्या. गाडी चालूच होती, आणि एकदा चालू झाली की ती स्वतःची वीज स्वतः करते, त्यामुळे मला चिंता नव्हती. दगडांवरून मी असा गेलो की माझं मलाच कौतुक वाटलं. चिखलात चाकं रुतली, चारही चाकांनी जोर लावला आणि गाडी बाहेर आली. बाकावर बसलेल्या आईंनी टाळी वाजवली. चढाच्या मध्यावर अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"थांबा. इंजिन बंद करा."

मी बंद केलं.

"आता सुरू करा."

मी चावी फिरवली. ढिम्म. खाली आई, वर आकाश, मध्ये मी. सगळं शास्त्र बाजूला ठेवून मी म्हणालो, "हं."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

मग ब्रेक सोडत, दाबत, सोडत मी त्या चढावरून उलटा खाली आलो. रांगेतल्या लोकांनी आदराने वाट करून दिली. अधिकारी म्हणाले, "आता जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर एक संधी. नाही झाली तर वाहन इथेच जमा होईल." त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. आत चाकं काढलेल्या गाड्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

आई बाकावरून उठून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या पुढे कुठे जातात?"

"वितळवायला," अधिकारी म्हणाले, आणि डबा घेऊन गेले.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त वाईट वाटत होतं. मी या बाईला शब्द दिला होता. तिच्या नवऱ्याची गाडी मी हिरवीगार रंगवून, नवी बॅटरी घालून, स्वतःच्या हाताने कुंपणापाशी आणून उभी केली होती. आई पलीकडून आत आल्या आणि आपल्या सीटवर बसल्या. "हं" म्हणाल्या नाहीत. मीही चावीला हात लावला नाही, ती फिरवलेलीच राहिली होती.

समोरचा लाल दिवा लागला.

मी डोकं वर केलं. आई मागच्या पिशवीतून पाण्याची बाटली घ्यायला अर्धवट उठल्या. दिवा गेला. बसल्या, दिवा आला.

"आई, जरा उठा."

"का?"

"उठा तर खरं." उठल्या. गेला. "बसा." आला. "उठा. बसा. आता नुसतं पुढे सरका. मागे टेका."

"जावईबापू, मला शिक्षा कसली करताय?"

रांगेतले लोक जवळ आले होते. त्यांच्यात तर्क सुरू झाले. मी आईंना खाली उतरवलं आणि हत्यारांची जड पेटी उचलून सीटवर ठेवली. दिवा लागला. म्हणजे आई नाही, आईंचं वजन. हा शब्द मी मोठ्याने उच्चारला नाही, एवढं भान मला त्या अवस्थेतही होतं.

सीट काढली. खाली बॅटरी, आणि बॅटरीपासून गाडीच्या लोखंडाला जाणारी जाड अर्थिंगची वायर. वीज परत यायची वाट हीच. इतके दिवस मी वीज जाते कुठून ते तपासत होतो, परत कुठून येते ते एकदाही पाहिलं नव्हतं. ती वायर एका बोल्टने लोखंडाला बांधलेली होती, आणि वायर आणि लोखंड यांच्या मध्ये सुरेख हिरवा रंग होता. दोन हात. त्यातून वीज काय, मुंगी गेली नसती. सीटवर वजन आलं की तिची स्प्रिंग बोल्टवर दाबली जायची, बोल्ट कुठेतरी उघड्या लोखंडाला टेकायचा आणि गाडीला जीव यायचा. बायको म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं, आणि मी ते फेटाळलं होतं, कारण ते मला शोभत नव्हतं.

खिशातला पॉलिश पेपर काढला आणि घासायला लागलो. रंग निघाला, खालचं लोखंड पांढरं चमकलं. वायरीचं टोकही घासलं, बोल्ट कचकचून आवळला. सीट न बसवताच चावी फिरवली. लाल दिवा लागला, स्टार्टर फिरला, जीप सुरू झाली. सीटच्या जागी कुणीही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकाने आपल्याही गाडीची सीट काढून पाहायला घेतली.

मी आईंकडे पाहिलं. त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"म्हणजे मी नसले तरी चालेल आता."

"चालेल," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर ते मागे घ्यावंसं वाटलं. इतके दिवस इमारतीत गाडीवरून आईंचं नाव निघत होतं, हेडसर येता-जाता त्यांना विचारत होते, गाडी काय म्हणते. सासरे गेल्यापासून त्यांना एवढ्या लगबगीने जिना उतरताना मी पाहिलं नव्हतं. ते सगळं मी घासून काढलं होतं. आईंनी मान डोलावली, पर्स उचलली आणि बाकावर जाऊन बसल्या.

सुट्टीनंतर मी चढाच्या मध्यावर गाडी बंद केली आणि सुरू केली. अधिकाऱ्यांनी पुन्हा बंद करायला लावली. पुन्हा सुरू झाली. ते म्हणाले, "वाहन समाधानकारक आहे," आणि शिक्का मारला. आमच्या विमा कंपनीत इतका सुंदर शब्द कधी ऐकला नव्हता.

फाटकाबाहेर गाडी आणून बंद केली आणि मी आईंची वाट बघत बसलो, शेजारची सीट परत बसवून, पुसून ठेवून. त्या तिकडून आल्याच नाहीत. माझ्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"त्या सीटवर आता कुणी बसलंच पाहिजे असं नाही ना?"

"नाही आई. पण तुम्ही बसा ना, तुमची जागा आहे ती."

"मग सरका."

मला कळलं नाही. त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. शिकाऊ परवाना. त्यावर तो फोटो, रांगेत उभं राहून काढलेला, ओठ घट्ट मिटलेले.

"मी तुमच्या सासऱ्यांना म्हटलं होतं एकदा, मलाही शिकवा," आई म्हणाल्या. "ते म्हणाले, तू शेजारी बसलीस की मला बरं वाटतं. मग बसले. नंतर तुमच्याकडे आले, तर मी बसल्याशिवाय गाडी हलेना. आज म्हटलं ही कुंपणात गेली तर राहूनच जाईल." त्यांनी दार उघडलं. "सरका, जावईबापू. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानावाला लागतो, असं ते अधिकारी म्हणाले. पूर्ण म्हणून दाखवला त्यांनी नियम."

मी सरकलो. आई बसल्या, पर्स माझ्या मांडीवर ठेवली, स्टिअरिंगवर हात फिरवला, आरशात पाहिलं. मग चावीला हात लावून थांबल्या. मी वाट बघत राहिलो. त्याही वाट बघत राहिल्या.

"काय झालं आई?"

"हं म्हणा ना."

मी मागे टेकलो आणि "हं" म्हटलं. जीप सुरू झाली, एक जोरदार हिसका देऊन पुढे गेली आणि बंद पडली, कारण ती गिअरमध्ये होती.

आईंनी गिअर सोडवला, पाय नीट ठेवले आणि समोर पाहत म्हणाल्या, "पुन्हा."

मी पुन्हा "हं" म्हटलं.